दोन रिंगा

रेवा,

काल इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. तुला आवडली नसती, आधीच सांगते. शाळेचा हॉल घेतला होता. स्टेजवर तुझा त्या निळ्या पोशाखातला फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि मागे कुणीतरी हौसेने काळ्या कापडावर चमकीचे तारे चिकटवलेले. एकेक जण उठत होता आणि तू ताऱ्यांमध्ये गेलीस असं सांगत होता. मी पहिल्या रांगेत तुझ्या आईच्या, नंदाच्या शेजारी बसून मनात म्हणत होते, अहो, कुठले तारे घेऊन बसलात? पोरगी वर गेलीच नाही. दोन वर्षं राबली, वसंतात शिक्षण संपून छातीवर अंतराळवीराची चांदीची छोटी पिन लागायची होती, आणि त्याआधीच टेक्सासमध्ये सरावाच्या विमानासकट धावपट्टीच्या अलीकडच्या माळावर पडली. एकटी.

एका गृहस्थांनी तर माइकवर दुरुस्ती केली, की नियमाप्रमाणे तुला अंतराळवीर म्हणता येणार नाही, उमेदवार म्हणावं लागेल. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वाक्य अर्धं टाकून खाली बसले. तुझ्या भाषेत, दॅट लुक. तो अजून चालतो.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मावशीला सहन होत नाहीये, असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं गं. मला माइकवर उभं राहून खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायचं धैर्य नव्हतं. म्हणून आज घरी बसून तुलाच सांगते आहे. तू आता मध्येच तोडणार नाहीस, हे त्यातल्या त्यात बरं.

दोन रिंगांपासून सुरू करावं लागेल.

त्या तुला मीच शिकवल्या. तू आठ वर्षांची होतीस. बाबा जाऊन वर्ष झालेलं. नंदा फार्मसीत दिवसभर उभी, मी प्रयोगशाळेत, आणि शाळेची बस तुला कोपऱ्यावर सोडून जायची. गळ्यातल्या किल्लीने दार उघडून तू एकटी घरात शिरायचीस. मिरजेला आमच्या लहानपणी कुणी परगावी गेलं की पोचल्यावर शेजाऱ्यांच्या फोनवर दोन रिंगा द्यायचं आणि ठेवून द्यायचं. इकडून उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचलो, जेवून घ्या, वाट बघू नका. तोच नियम मी इथे वेस्ट विंडसरला लावला. दार आतून लावलंस की माझ्या लॅबच्या फोनवर दोन रिंगा. पहिल्याच आठवड्यात मी सवयीने फोन उचलला, तर तू मला फैलावर घेतलंस. यू ब्रोक द रूल म्हणून दोन दिवस बोलली नाहीस. त्यानंतर मी कधी उचलला नाही.

मला वाटलं होतं, मोठी झालीस की सुटेल. कसलं सुटतंय. कॉलेजच्या होस्टेलवरून दोन रिंगा. नौदलात गेलीस, विमानं उडवायला लागलीस, प्रत्येक उड्डाणानंतर दोन रिंगा. मी म्हटलं, अगं, आता मेसेज कर ना. तर म्हणालीस, मेसेज तर सगळेच करतात.

तू फोन मला करायचीस, आईला नाही, हेही आपलं ठरलेलं. नंदाने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, की ही कधी उडणार आहे ते मला कळवू नका, उतरली की तेवढं सांगा. मग तू मला वेळ सांगायचीस, मी गुपचूप घड्याळ बघत बसायची, दोन रिंगा आल्या की नंदाला फोन करून एवढंच म्हणायची, "उतरली गं." ती म्हणायची, "बरं." मग आम्ही भाजीचं बोलायचो. अकरा वर्षं हे असं चाललं, आणि अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

तुला पाण्याची भीती होती, हे काल कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे आपले निर्भय, निर्भय म्हणत होते. टाउनच्या स्विमिंग पूलवर तू काठाला पालीसारखी चिकटून बसायचीस आणि मी सलवार-कमीज आणि स्नीकर्स घालून काठाकाठाने चालत ओरडायची, पाय हलव, पाय हलव. त्या गोऱ्या मुलीला, तुझ्या इन्स्ट्रक्टरला, मी वेडी वाटत असणार. पंचवीस वर्षांनी तुला तो अंतराळाचा भला थोरला जड सूट घालून पाण्याच्या खोल टाकीत उतरवलं, तेव्हा तुझा फोन आला, नेहमीसारखा नाही, उचलायचा. म्हणालीस, मावशी, तळाशी गेल्यावर घाबरले, आणि कानात तुझं पाय हलव ऐकू आलं. सूटमध्ये पाय हलतच नाहीत, बाय द वे. आपण दोघी इतक्या हसलो. त्या हसण्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, रेवा. या तीन आठवड्यांत मी तेच पुन्हा पुन्हा आठवत बसले आहे.

तुझी निवड झाली तेव्हा नंदा चार दिवस जेवली नाही. नौदलापर्यंत तिने कसंबसं गिळलं होतं, हे तिला घशाखाली उतरेना. तेव्हा तुझी बाजू मी घेतली. याच टेबलावर. जाऊ दे तिला, म्हटलं, आपण दोघी समुद्र ओलांडून आलो तेव्हा आपल्या आईने काय केलं असेल? आणि तुला बाजूला घेऊन म्हटलं, आता मागे बघायचं नाही, शूर व्हायचं. किती सोपं असतं ना हे दुसऱ्याला सांगणं. मी आयुष्यात लॅबमधल्या शीतपेटीपलीकडे कशालाही हात घातला नाही.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

सप्टेंबरच्या शेवटी तू फोन केलास. एक फॉर्म भरायचा आहे, म्हणालीस. काही वाईट झालं तर घरी सांगायला अधिकारी जातात, आणि जाताना घरच्यांपैकी एकाला आधी कळवून सोबत नेतात, म्हणजे दार उघडणारं माणूस एकटं नको. त्या जागी तू माझं नाव लिहिलं होतंस. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी भडकले. कशी भडकले ते तुला माहीत आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. असलं अभद्र काम माझ्या माथी मारू नकोस, म्हटलं. तू शांत होतीस, त्याचाच मला जास्त राग आला.

"मावशी, इट्स जस्ट अ फॉर्म," तू म्हणालीस. "आईला तेव्हा रडणारं माणूस नको. तू नंतर रडशील. तुला जमतं."

"माझं नाव काढ. आजच्या आज काढ."

"जा, तू म्हणालीस. शूर हो, तू म्हणालीस. नाऊ यू बी ब्रेव्ह."

मी फोन ठेवला. आपटला म्हण. पुढचे तीन आठवडे तू बोलली नाहीस आणि मीही नाही. रिंगा मात्र येत होत्या. दर उड्डाणाला दोन, मोजून. मी नंदाला सांगत होते, उतरली गं. तिला आपलं भांडण कळूसुद्धा दिलं नाही मी. आतून मला वाटत होतं, हिने आधी बोलावं. लहान आहे ती, हिने बोलावं. पस्तिशीची बाई तू, आणि मी सदुसष्टची, आणि मी हे मोजत बसले होते.

त्या दिवशी सकाळी तू नुसत्या दोन वेळा पाठवल्यास, उडण्याची आणि उतरण्याची. बाकी एक शब्द नाही. इकडच्या घड्याळाने दोन वाजता उतरणार होतीस. तिकडे धुकं पडलं, उड्डाण पुढे गेलं, हे मला कुठून कळणार?

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी ओट्यापाशी होते. दिवाळीच्या करंज्यांसाठी रवा-मैदा परातीत काढला होता. स्क्रीनवर तुझं नाव. एक रिंग, दोन रिंगा. मी म्हटलं, चला, उतरली. पण तो थांबेना. तीन. चार. पाच. मग थांबला.

दोनच्या जागी पाच रिंगा वाजल्या, हे मला कळलं होतं. खोटं का बोलू. तिसऱ्या रिंगेलाच कळलं होतं, की हा पोचल्याचा फोन नाही, हिला बोलायचं आहे. आणि माझ्या मनात आलं, आता आली ना जागेवर. थांब जरा. संध्याकाळी करीन मी.

मी निरोप ठेवायला तरी जागा ठेवली होती का? माझा व्हॉइसमेल गेली दोन वर्षं भरलेला आहे. तू दहा वेळा सांगितलं होतंस, रिकामा कर म्हणून.

मग मी नंदाला फोन केला आणि म्हटलं, "उतरली गं."

ती म्हणाली, "बरं."

तेव्हा तू विमानात बसायची होतीस.

पाचच्या सुमाराला नंदाच्या दारावर एक युनिफॉर्ममधली बाई आणि एक पाद्री उभे राहिले. नंदा एकटी होती. मला कुणाचाही फोन आला नव्हता, कारण त्या फॉर्मवर माझं नाव नव्हतं. तू ते काढलं होतंस. नंतर त्या बाईंनी मला सांगितलं, दोन आठवड्यांपूर्वी ते नाव मागे घेतलं गेलं होतं आणि ती जागा कोरी होती. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. पाय हलव म्हटलं तर हात हलवायचीस. हे एवढंच बरं ऐकलंस, गाढवे.

त्यांनी सांगितलं, आणि नंदाने त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. ती हसली. तुमची काहीतरी चूक होतेय, म्हणाली, दुसऱ्या कुणाचं घर असेल, माझी मुलगी दोन वाजताच उतरली. त्यांना तिने आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं, चहा ठेवला. बिचारे लांबून आलेत, म्हणून ताटलीत शंकरपाळे काढले. तो पाद्री ताटली मांडीवर धरून बसला होता. आणि मग तिने मला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. गंमत वाटत होती तिला.

"ताई, हे लोक काय म्हणतायत बघ. सांग गं यांना, रिंग आली होती ना?"

"हो," मी म्हटलं. "आली होती."

"बघा," नंदा इंग्रजीत त्यांना म्हणाली. "माय सिस्टर गॉट द रिंग."

मग त्या बाईंचा आवाज आला. फार हळू आणि फार नीट बोलत होत्या. मॅडम, फोन किती वाजता आला होता? मी म्हटलं, दोन दहा. म्हणजे तिथे एक दहा, त्या म्हणाल्या. मॅडम, शी टूक ऑफ ॲट वन ट्वेंटी-फाइव्ह.

मागे गॅसवर चहा उतू गेल्याचा आवाज आला. तो कुणी बंद केला मला माहीत नाही. मी गाडी काढून निघाले होते. तळ्याला वळसा घालून चार मिनिटांचा रस्ता, तो मी कसा गेले तेही आठवत नाही.

तुझ्या आईने मला त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. दाराशीच. फोन आला होता तर तू उचलला का नाहीस? नियम होता, म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दाराशी पोचताच मी तिला पाच रिंगा आल्याचं सांगून बसले होते, आणि पाच म्हटल्यावर नियम संपतो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "हात पिठात होते गं."

हात पिठात नव्हते, रेवा. परातीत पीठ होतं, पण पाणी घालायचं होतं. माझे हात स्वच्छ आणि कोरडे होते, आणि फोन त्यांच्यापासून वीतभर लांब होता.

नंदाने माझ्यावर विश्वास ठेवला. इतका ठेवला की मला जीव नकोसा झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगते. हिचे हात पिठात होते हो, नाहीतर बोलणं झालं असतं दोघींचं. वर मलाच धीर देते. तुझा काय दोष, म्हणते. तुला फार लागलंय, मला कळतं ना. तिची मुलगी गेली आणि ती मला जेवायला वाढते. तेराव्यापर्यंत मी तिच्याकडेच राहिले होते. रोज सकाळी उठून ठरवायची, आज सांगायचं. आणि ती चहाचा कप पुढे करायची की मी गप्प व्हायची.

तुझी कपडे-सामानाची पेटी आली. फोनही आला, प्लास्टिकच्या पिशवीत. तू तो लॉकरमध्ये ठेवून उडायचीस. नंदाने तो चार्ज करून उघडला, पासवर्ड तिला माहीत होता. शेवटचा कॉल मला केलेला. काय सांगायचं होतं गं तुला? उड्डाण पुढे गेलं, काळजी करू नकोस, एवढंच? की नाव काढलंय, आता बोल माझ्याशी? की मावशी सॉरी? तू सॉरी म्हणायला फोन केला असशील तर मला ते सहन होणार नाही. शिव्या घालायला केला असशील असं मी धरून चालले आहे.

चौकशी अजून चालू आहे. इंजिनात पक्षी गेला असावा, असं म्हणतात. पक्षी. इथल्या तळ्यावर शेकड्याने हंसबदकं बसतात. तू लहानपणी त्यांना माझे पोहे नेऊन घालायचीस. परवा त्यातलं एक रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं आणि हलेना, तेव्हा मी हॉर्नवर हात दाबून धरला तो सोडलाच नाही. मागच्या गाडीतला माणूस उतरून आला आणि काच वाजवून विचारू लागला, आर यू ओके. मी त्याला नाही म्हणून सांगितलं.

तर काल. सभा संपली, लोक नंदाभोवती जमले, आणि ती पुन्हा सुरू झाली. हिचे हात पिठात होते हो. त्या उमेदवारवाल्या गृहस्थांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथे माझं संपलं. नंदाला म्हटलं, घरी जाण्याआधी माझ्याकडे ये, चहा घेऊ.

याच टेबलावर बसलो. ती तुझ्या जागेवर. मी चहा ओतलासुद्धा नाही, बसताच सांगितलं. भांडण झालं होतं, ते सांगितलं. फॉर्म सांगितला, माझं नाव मीच काढायला लावलं, म्हणून त्या दिवशी ती दारात एकटी होती, हे सांगितलं. आणि मग हात. हात कोरडे होते, नंदा. मला राग होता म्हणून मी उचलला नाही. मला माहीत होतं की तिला बोलायचंय.

ती माझ्याकडे बघत होती, आणि मग माझ्या हातांकडे. मी ते टेबलाखाली घेतले, लहान पोरीसारखे. ती उठली. कोट घातला. कोटाची बटणं तिने एकेक करून सगळी लावली, आणि मी मोजत होते, सहा. मग दार उघडून गेली. पाचच वाजले होते, पण बाहेर दिवस मावळला होता. तिच्या गाडीचे दिवे तळ्याकडे वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते.

तुला ठाऊक आहे, ती माझ्याकडून गेली की घरी पोचल्यावर दोन रिंगा देते. चार मिनिटांचा रस्ता आणि दोन रिंगा. तू हसायचीस आम्हांला. मी फोन समोर ठेवून बसले. चार मिनिटं झाली. दहा झाली. वीस मिनिटांनंतर मी घड्याळाकडे बघणं सोडलं. माझ्या मनात आलं, ही आता कधीच करणार नाही, आणि बरोबर आहे तिचं. तू गेलीस, आता हीही गेली, आणि दोन्ही वेळा कारण मीच.

मग फोन वाजला. नंदा.

एक रिंग. दोन रिंगा. पोचली, मला वाटलं, एवढं तरी तिने कळवलं, एवढ्यावर मी उरलेलं आयुष्य काढीन. आता थांबेल.

तिसरी वाजली.

मी उचलला. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता, गाडी तशीच चालू असल्याचा आवाज येत होता, म्हणजे दारापर्यंत जाऊन ती इतका वेळ गाडीतच बसली होती.

"पोचले," नंदा म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.